तपासण्या निर्दोष आल्या, पण मुलाचे पोट दुखायचे थांबत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहा वर्षांच्या मुलाचे पोट गेल्या आठ महिन्यांपासून वारंवार दुखते, विशेषतः सकाळी. कधी दोन-दोन दिवस शौचाला होत नाही, तर कधी एकाच सकाळी तीन वेळा धावावे लागते. रक्त, लघवी, शौच आणि सोनोग्राफी या तपासण्यांत काही निघाले नाही. डॉक्टरांनी ‘आयबीएस’, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असे निदान केले. घरच्यांनी स्वतःहून दूध, गहू आणि बहुतेक फळे बंद केली, तरी फरक पडलेला नाही. शाळा बरीच बुडते आहे. आईचा शेवटचा प्रश्न असा आहे की रिपोर्टमध्ये काही नसेल, तर हे सगळे त्याच्या मनाचे आहे का.

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर घरात कोणत्या शब्दांत दिले जाते यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. तुमच्या मुलाचे पोट खरोखर दुखते. तो नाटक करत नाही, आणि शाळा टाळण्यासाठी दुखणे रचणारी मुले माझ्या अनुभवात फार थोडी असतात. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे असते आणि ते मेंदूशी सतत संदेशांची देवाणघेवाण करत असते. इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये आतड्याची रचना शाबूत असते, मात्र या संदेशवहनाची संवेदनशीलता वाढलेली असते. गुदाशयात लहानसा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवण्याचे प्रयोग झालेले आहेत. निरोगी मुलांना ज्या दाबाला दुखत नाही, त्या दाबाला आयबीएस असलेल्या अनेक मुलांना वेदना होतात. म्हणजे वायूची नेहमीची हालचाल, जेवणानंतरचे आतड्याचे आकुंचन किंवा भरलेला गुदाशय यांसारख्या इतरांच्या लक्षातही न येणाऱ्या गोष्टी या मुलांना दुखतात. मुलांना मी दाराच्या घंटेचे उदाहरण देते. वाऱ्यानेही वाजू लागलेली घंटा खरोखर वाजत असते, ऐकणाऱ्याला भास होत नसतो, पण दारात मात्र कोणी उभे नसते. दहा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळते, आणि बहुधा पालकांपेक्षा लवकर कळते.

ही संवेदनशीलता का वाढते, याचे एकच कारण सांगता येत नाही. काही मुलांत जुलाब-उलट्यांच्या एखाद्या संसर्गानंतर हा त्रास सुरू होतो आणि जंतू निघून गेल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतो. काही घरांत आई किंवा वडिलांनाही असाच त्रास असतो. काळजी, अपुरी झोप किंवा परीक्षेचा ताण यांमुळे दुखणे वाढते, कारण मेंदू आणि आतडे यांच्यातील रस्ता दोन्ही दिशांनी चालू असतो. पण ताणाने दुखणे वाढते, याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा होत नाही. घाबरल्यावर छातीत धडधडते, आणि ती धडधड कोणी काल्पनिक म्हणत नाही.

आता निदानाविषयी. हे निदान ‘काहीच सापडले नाही म्हणून’ चिकटवलेले लेबल नाही. पचनसंस्थेच्या अशा तक्रारींच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘रोम’ निकषांची चौथी आवृत्ती 2016 साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार महिन्यातून किमान 4 दिवस पोट दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील किंवा स्वरूपातील बदलाशी संबंध असणे, हे किमान 2 महिने चालू असणे आणि योग्य तपासणीनंतर दुसऱ्या आजाराने त्याचा उलगडा न होणे, या गोष्टी जुळल्या म्हणजे मुलांत आयबीएसचे निदान करतात. तुमच्या वर्णनात कधी बद्धकोष्ठ आणि कधी पातळ शौच असे मिश्र चित्र दिसते. वारंवार पोट दुखणारी मुले काही दुर्मीळही नाहीत. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी 1958 साली 1000 शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांत दहापैकी सुमारे एका मुलाला असा त्रास होता आणि त्यांतील बहुसंख्य मुलांत शारीरिक विकृती सापडली नव्हती.

तरीही काही खुणा अशा आहेत, की त्या असतील तर मी आयबीएस या शब्दावर समाधान मानणार नाही. वजन घटणे, उंची वाढायची थांबणे किंवा वयात येण्यास उशीर होणे, शौचातून रक्त जाणे, रात्री झोपेतून उठून जुलाब होणे, कारण न सापडणारा ताप, वारंवार उलट्या, गिळताना त्रास, सांधे सुजणे, गुदद्वाराभोवती चिरा किंवा गळू होणे, पोटाच्या उजव्या बाजूला एकाच जागी सतत दुखणे आणि जवळच्या नात्यात आतड्याच्या दाहाचा आजार किंवा सीलिॲक आजार (गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असणे, या त्या खुणा होत. तुमच्या डॉक्टरांकडे मुलाच्या मागील दोन-तीन वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी घेऊन जा. वाढीचा आलेख व्यवस्थित वर जात असेल, तर तो मला एखाद्या महागड्या स्कॅनपेक्षा अधिक दिलासा देतो.

दोन गोष्टी विशेष विचारून घ्या. पहिली, शौचातील कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी झाली आहे का. आतड्याला सूज असेल तर हे प्रथिन वाढते, आणि त्यामुळे अनेक मुलांची दुर्बिणीची तपासणी टळते. दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत अधिक महत्त्वाची आहे. सीलिॲक आजारासाठीची रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वी झाली होती की नंतर? ग्लूटेन आहारातून गेल्यानंतर ही तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. ती झालीच नसेल, किंवा गहू बंद केल्यानंतर झाली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे गहू पुन्हा सुरू करून मगच ती करावी लागेल. सोनोग्राफीच्या अहवालात ‘आतड्यालगतच्या लहान लसिकाग्रंथी दिसल्या’ असे वाक्य असेल, तर त्याने घाबरू नका. अशा ग्रंथी निरोगी मुलांतही दिसतात, आणि केवळ त्या वाक्यामुळे प्रतिजैविकांचे कोर्स घेतलेली बरीच मुले माझ्याकडे येतात. एवढे झाले, की तपासण्या थांबवाव्यात. दर महिन्याला नव्या डॉक्टरांकडे नवी तपासणी केली, तर मुलाला त्यातून एकच संदेश मिळतो, तो म्हणजे आत काहीतरी भयंकर आहे आणि ते अजून कोणाला सापडलेले नाही.

बहुतेक पालकांच्या मनात उपचारांचा क्रम असा असतो, की आधी दुखणे थांबेल, मग तो नीट जेवेल, खेळेल आणि शाळेत जाईल. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांत क्रम नेमका उलटा असतो. आधी दिवस रुळावर येतो आणि दुखणे मागाहून, सावकाश, विशेष गाजावाजा न करता कमी होते. हे पचायला अवघड आहे याची मला कल्पना आहे, कारण दुखत असलेल्या मुलाला दप्तर अडकवणे निर्दयपणाचे वाटते. म्हणून त्यामागचे एक कारण सविस्तर सांगते.

2006 साली अमेरिकेत लिन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, पण विचार करायला लावणारा प्रयोग प्रसिद्ध केला. पोटदुखी असलेल्या आणि नसलेल्या मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी प्यायला देऊन तात्पुरती अस्वस्थता निर्माण करण्यात आली. काही पालकांना मुलाच्या त्रासाकडे लक्ष देऊन सहानुभूती दाखवायला सांगितले, काहींना विषय बदलून मुलाचे मन दुसरीकडे वळवायला सांगितले आणि काहींना काहीच सूचना दिली नाही. सूचना नसलेल्या गटाच्या तुलनेत, त्रासाकडे लक्ष दिलेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या आणि मन वळवलेल्या मुलांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. त्यातला आणखी एक भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पोटदुखी असलेल्या मुलांना स्वतःला मन वळवल्याने बरे वाटले, पण त्यांच्या पालकांना मात्र तसे करण्याने मुलाचे नुकसान होईल अशी भीती वाटत होती. ही भीती प्रेमापोटी येते, म्हणूनच ती सोडवणे कठीण असते.

याचा अर्थ मुलाकडे दुर्लक्ष करायचे असा नाही. ‘काही होत नाही तुला, ऊठ’ हे वाक्य जितके वाईट, तितकेच ‘अरे देवा, पुन्हा दुखतंय का, कुठे, किती?’ हेही वाईट. पहिल्याने त्याचा अपमान होतो आणि दुसऱ्याने तो घाबरतो. मुलाने सांगितले, की एका वाक्यात ते मान्य करावे आणि दुसऱ्या वाक्यात पुढचे पाऊल दाखवावे: ‘दुखतंय, कळलं मला. पिशवीने शेक घे, तोवर मी तुझा डबा भरते.’ मात्र ‘पोट कसे आहे?’ हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारणे पूर्ण बंद करा. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर आणि झोपताना हाच प्रश्न कानी पडत असेल, तर मूल दिवसातून तीनदा आत डोकावून उत्तर शोधते, आणि जो शोधतो त्याला दुखणे सापडतेच. आजी-आजोबा, मावशी, शेजारी यांनाही हे समजावून सांगावे लागते, आणि माझ्या अनुभवात हे काम औषध देण्यापेक्षा अवघड असते.

दुखत असताना काय करायचे, हे मूल शांत असताना त्याच्याशी बोलून आधीच ठरवून ठेवावे. पोटाने श्वास घेण्याचा सराव उपयोगी पडतो. पोटावर हात ठेवून चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडायचा, असे पाच मिनिटे करायचे. हा सराव रोज रात्री, दुखत नसताना करावा, कारण बुडायला लागल्यावर कोणी पोहायला शिकत नाही. एखाद्या दिवशी तो खरोखरच घरी राहिला, तर तो दिवस विश्रांतीचा असावा, सुट्टीचा नसावा. त्या दिवशी मोबाइल आणि टीव्ही नसावा, खास पदार्थ नसावा आणि आईने कामावरून रजा घेऊन दिवसभर उशाशी बसणेही नसावे. ही शिक्षा नाही हे त्याला आधी सांगा. आजारपणाचा दिवस शाळेच्या दिवसापेक्षा अधिक सुखाचा होऊ नये, इतकाच यामागे हेतू आहे.

सकाळची वेळ या मुलांना विशेष जड जाते आणि त्याला शाळेचा कंटाळा एवढेच कारण नसते. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी घरात घाई, ओरडाआरडा आणि रिक्षाचा किंवा बसचा हॉर्न चालू असतो. त्याला अर्धा तास लवकर उठवा, म्हणजे अर्थातच अर्धा तास लवकर झोपवा. न्याहारीनंतर दहा मिनिटे शौचालयात निवांत बसण्याची सवय लावा. कमोड असेल तर पायांखाली स्टूल द्यावे, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर राहतील आणि जोर करावा लागणार नाही. शौच झाले नाही तरी दहा मिनिटांनी त्याने उठावे आणि त्यावर कोणी काही बोलू नये.

बद्धकोष्ठाकडे मात्र गांभीर्याने पाहा. आईवडिलांना वाटते की मुलगा रोज जातो, पण पोट पूर्ण साफ होत नसते. साचलेल्या कडक मळाच्या कडेने पातळ शौच निसटते, चड्डीला डाग पडतात आणि घरचे त्याला जुलाब समजून जुलाबाचे औषध देतात. शौचाचे स्वरूप सांगण्यासाठी ब्रिस्टल येथे तयार झालेला 7 प्रकारांचा तक्ता वापरतात. त्यातील पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा आणि सातवा पाण्यासारख्या शौचाचा असतो. दोन आठवडे त्याच्या शौचाची नोंद या तक्त्यानुसार ठेवा, दुखण्याची ठेवू नका, आणि ती डॉक्टरांना दाखवा. मळ साचला असेल, तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखे शौच मऊ करणारे औषध डॉक्टर काही महिने देऊ शकतात. त्याने आतड्याला सवय लागते ही समजूत निराधार आहे. बद्धकोष्ठ नीट बरे झाल्यावर पोटदुखीही गेली, तर तो आयबीएस नव्हताच, निव्वळ बद्धकोष्ठ होते, असे मानावे.

शाळेच्या बाबतीत ‘बरे वाटले तर जा’ ही अट काढून टाका. कितीही वाजता दुखले तरी परतीचा आराखडा वेळेप्रमाणे चालला पाहिजे, दुखण्याप्रमाणे नव्हे. बरेच दिवस खंड पडला असेल, तर पहिल्या आठवड्यात रोज ठरावीक दोन-तीन तास, मग अर्धा दिवस आणि मग पूर्ण दिवस, असे वर्गशिक्षकांशी बोलून ठरवता येते. वर्गात हात वर करून परवानगी मागावी लागते, म्हणून शौच रोखून धरणारी कितीतरी मुले मी पाहते. शिक्षकांनी एक खूण ठरवून द्यावी, म्हणजे न विचारता, कोणाचे लक्ष न वेधता त्याला बाहेर जाता येईल. परवानगी हक्काची आहे हे कळले, की तिचा वापर आपोआप कमी होतो. मात्र दुखले की लगेच घरी फोन, ही पद्धत बंद करावी. दहा मिनिटे शांत जागी बसून पुन्हा वर्गात जाणे चांगले. शिवाय शाळेत त्याला कोणी छळते का, एखादा विषय डोक्यावरून जातो का, वाचन-लेखनात मूलभूत अडचण आहे का, हे एकदा निवांतपणे पाहावे. पोटदुखीचे कारण तेच असेल असे नाही, पण असे ओझे असेल तर ते उतरवणे आपल्या हातात असते.

आहाराबद्दल तुम्ही केलेल्या कडक पथ्याशी मी सहमत नाही. दूध, गहू आणि फळे एकाच वेळी बंद केल्याने कशाचा त्रास होतो हे कळत नाही, वाढत्या वयात कॅल्शियम आणि उष्मांक कमी पडतात, आणि मूल अन्नाला घाबरू लागते. दुधाची शंका असेल, तर फक्त दूध दोन आठवडे पूर्ण बंद ठेवावे आणि नंतर पुन्हा सुरू करून पाहावे. बंद केल्यावर फरक आणि सुरू केल्यावर त्रास, असे दोन्ही दिसले तरच दुधाला दोष द्यावा. फळांचे डबाबंद रस, शीतपेये आणि सॉर्बिटॉल घातलेली साखरमुक्त च्युइंगम मात्र खुशाल थांबवा, कारण त्यांतील न शोषल्या जाणाऱ्या शर्करा आतड्यात आंबून वायू आणि पातळ शौच निर्माण करतात. तंतुमय पदार्थांचे प्रमाण हळूहळू वाढवावे. मुलाच्या वयात 5 मिळवले की येईल तितके ग्रॅम रोज, हा जुना ढोबळ हिशेब आहे, म्हणजे तुमच्या मुलासाठी सुमारे 15 ग्रॅम. इसबगोलाने काही मुलांत दुखण्याचे प्रसंग कमी होतात, पण तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यायला हवा. कोंड्याने मात्र अनेकांचे पोट अधिकच फुगते. मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठात विकसित झालेला ‘लो फॉडमॅप’ आहार, म्हणजे आतड्यात आंबणाऱ्या ठरावीक शर्करा कमी असलेला आहार, काही मुलांना उपयोगी पडतो, पण तो दोन ते सहा आठवड्यांचा प्रयोग असतो आणि त्यानंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो. आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय, इंटरनेटवरील यादी पाहून, तो मुलांवर करू नये.

औषधांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांचा वाटा लहान आहे. पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलने दुखण्याची तीव्रता कमी झाल्याचे 2001 साली 42 मुलांवरील दोन आठवड्यांच्या चाचणीत दिसले. कॅप्सूल न चावता गिळता येत असेल, तर डॉक्टरांना विचारून ती वापरून पाहण्यासारखी आहे. मुळात नैराश्यासाठीच्या ॲमिट्रिप्टिलिन या औषधाची 2009 साली 90 मुलांवर चाचणी झाली, तेव्हा औषध घेतलेल्या आणि बनावट गोळी घेतलेल्या, अशा दोन्ही गटांतील निम्म्याहून अधिक मुलांना बरे वाटले आणि दोहोंत फारसे अंतर निघाले नाही. प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जंतूंची औषधे, यांपैकी मोजक्याच जातींचा मुलांत अभ्यास झालेला आहे. महिनाभरात फरक पडला नाही, तर ते थांबवावे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके वारंवार देऊ नयेत.

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो मनाच्या मार्गाने आतड्यापर्यंत पोहोचणाऱ्या उपचारांचा, आणि नेमके तेच पालकांना नको असतात. बोधात्मक वर्तन उपचारात मूल आणि पालक दोघेही दुखण्याला द्यायचा प्रतिसाद बदलायला शिकतात. दुसरा उपचार संमोहनाचा. संमोहन म्हटले की लोकांना रंगमंचावरचा जादूगार आठवतो. प्रत्यक्षात त्यात मूल पूर्ण भानावर असते, शांत पडून प्रशिक्षित व्यक्तीच्या सूचनांप्रमाणे पोट शिथिल आणि स्वस्थ झाल्याची कल्पना करते आणि पुढे तेच घरी करते. नेदरलँड्समध्ये 53 मुलांवर केलेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षानंतर या उपचाराने 85 टक्के मुले जवळपास वेदनामुक्त होती, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 25 टक्के. कल्पनाशक्ती ताजी असल्याने मुले यात मोठ्यांपेक्षा सहज रमतात. असा प्रशिक्षित तज्ज्ञ मिळत नसेल, तर बालमानसतज्ज्ञाकडून वर्तन उपचार घ्यावेत. तेथे नेताना ‘तुझ्या डोक्यात बिघाड आहे’ असे त्याला वाटू नये, म्हणून घंटेचे उदाहरण पुन्हा सांगा आणि घंटेची तार नीट करायला जातो आहोत असे म्हणा.

हे किती दिवस चालेल, असे तुम्ही विचाराल. बहुतेक मुलांचा त्रास काही वर्षांत मावळतो, पण दहापैकी साधारण तिघांना तो पुढेही कमी-अधिक राहतो. सुधारणा दुखण्याच्या दिवसांवरून मोजू नका. या महिन्यात तो किती दिवस शाळेत गेला, किती वेळा खेळायला बाहेर पडला, मित्राकडे जेवला का, यांवरून मोजा. परीक्षेच्या आधी किंवा एखाद्या साध्या संसर्गानंतर त्रास पुन्हा उफाळेल. तेव्हा नवे डॉक्टर शोधण्यापेक्षा ठरलेला आराखडाच पुन्हा पाळावा.

एका बाबतीत मात्र आराखडा बाजूला ठेवायचा असतो. आयबीएस असलेल्या मुलालाही ॲपेंडिक्सला सूज येऊ शकते, आणि ‘याचे नेहमीचेच आहे’ म्हणून ती घरात अंगावर काढली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नेहमीचे दुखणे बहुधा बेंबीभोवती असते, येते आणि जाते. ते बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली स्थिरावले, तासागणिक वाढत गेले, चालताना किंवा खोकताना चमक मारू लागली, सोबत ताप आला, हिरवी उलटी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, त्याला रुग्णालयात न्यावे.